अंतस्थ आणि दरख : प्रांत कल्याण व साष्टी येथील पेशवाई हिशेबव्यवस्थेचा विचार

(१)

पेशवाईंतील महालांचे जमाखर्च ज्यांच्या हाताखालून गेले आहेत त्यांस 'अंतस्थ' हा शब्द परिचयाचा असेलच. शिबंदी, देवस्थानें, वर्षासनें, किल्ल्यांची बेगमी अशा कलमांच्या जोडीला 'दरबारखर्च' किंवा 'अंतस्थ' हेंही एक कलम असे. शब्दाचा अर्थ उघड आहे. जें आंतल्या आंत द्यावयाचें, ज्याचा बोभाटा होऊं द्यावयाचा नाहीं, तें अंतस्थ. चमत्कार असा कीं, जें गुप्त म्हणून द्यावयाचें तेंच पुढें हिशेबांत लिहिलें गेलें, बेरजेंत धरलें गेलें व वरच्या कचेरींत इतर कलमांबरोबर तपासलेंही गेलें. त्या काळीं लांच हा दोष मानीतच नसत, असा समज कांहीं लेखकांनीं करून दिला आहे. तो बरोबर नाहीं. नांवांतच लपविण्याची भावना आहे. अर्थात् हा व्यवहार अनुचित होय हें देणारा व घेणारा दोघेही जाणून होते. मग ज्या राज्यानें हिशेबाच्या तपासणीचीं इतकीं बारीक साधनें उभारलीं, त्याच राज्यांत हें कलम रूढ कसें झालें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा विचार सबंध राज्यासंबंधानें करावयाचा झाल्यास ग्रंथच लिहावा लागेल. म्हणून येथें प्रांत कल्याण-भिवंडी व त्यास लागून असलेलें साष्टी बेट एवढ्यापुरतेंच क्षेत्र घेतलें आहे. या निवडीस एक कारण आहे. सन १७७४ नंतर खाडीच्या एका बाजूस ठाणें इंग्रजांकडे व दुसऱ्या बाजूस कल्याण पेशव्यांकडे, अशी स्थिति बहुतेक चाळीस वर्षें होती. दोन सरकारांच्या कारभाराची तुलना एकाच मुलुखांत करण्याची अशी संधि महाराष्ट्रांत अन्यत्र क्वचितच मिळते.

(२)

प्रथम या मुलुखाचा राजकीय क्रम थोडक्यांत सांगतों. सन १६५७ च्या ऑक्टोबर महिन्यांत कल्याण व भिवंडी हीं ठिकाणें शिवछत्रपतींच्या ताब्यांत आलीं. पुढें मोगलांशीं झालेल्या झगड्यांत तीं गेलीं व आलीं. साष्टी व वसई पोर्तुगीजांकडे होतीं. सन १७३७ च्या मार्चांत मराठ्यांनीं ठाणें घेतलें व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली. सन १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला. १७८० मध्यें कल्याणही त्यांच्या हातीं पडलें, परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें परत मिळालें. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. शेवटीं १८१७ च्या पुण्याच्या तहानें उत्तर कोकण पेशव्यांच्या हातून कायमचें गेलें.

कल्याण हें खाडीवरचें बंदर व घाटाच्या वाटांचें तोंड. भात, मीठ, लांकूड व जकात हीं येथील उत्पन्नाचीं मुख्य अंगें. डोंबिवली हें तेव्हां या बाजूचें एक खेडें होतें. कल्याणांत सुभेदारवाडा हें नांव अद्याप लोकांच्या तोंडीं आहे, आणि त्याचा संबंध रामाजी महादेव बिवलकर या कर्तबगार सुभेदाराशीं जोडिला जातो. तुळाजी आंग्र्यावरील १७५५-५६ च्या मोहिमेंत इंग्रजांशीं बोलणीं करणारा तो हाच. असे सुभेदार एकाच वेळीं वसूल करीत, शिबंदी ठेवीत, न्याय पाहत व परराष्ट्राशीं पत्रव्यवहारही करीत. एका हातीं इतकी सत्ता आली असतां त्या हातावर नजर कोणी ठेवावयाची, हा प्रश्न पुण्याच्या कारभाऱ्यांपुढें नित्य उभा होता.

(३)

शिवकालीं या प्रश्नास दिलेलें उत्तर सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. जमिनीची मोजणी करावी, वसूल वतनदारांच्या मध्यस्थीनें न घेतां सरकारी कामगारांनीं घ्यावा, आणि कामगारांस नेमणूक रोख द्यावी, हें त्याचें सार होय. सन १६७६ मध्यें प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास महाराजांनीं पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. इमानानें वागावें, रयतेस बैल व बियाणें देऊन लागवड वाढवावी, जिन्नसाचा वांटा जिन्नसानें घ्यावा व तो हंगाम पाहून विकावा, असा त्याचा आशय. कामगारानें काय घेऊं नये एवढ्यावरच हें पत्र थांबत नाहीं. त्यानें रयतेस काय द्यावें हेंही तें सांगतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पेशवाईंत वतनदार पुन्हां बळावले व राज्याचा विस्तारही फार झाला. तेव्हां एका माणसाच्या इमानावर विसंबण्याऐवजीं अनेक हातांची सांखळी बांधण्याचा मार्ग पत्करण्यांत आला. हीच दरखदारांची पद्धति. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींसंबंधीं लिहितांना तिचें वर्णन केलें आहे. मामलतदाराच्या कचेरींत आठ दरख असत. दिवाण पत्रांवर व हुकुमांवर आपली निशाणी करी. मजमूदार हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वीं पसंत करी. फडणीस कागदांवर तारीख घाली व रोजकीर्द तयार करी. दप्तरदार त्या कीर्दीवरून खातेवही करून तिचा गोषवारा महिन्याच्या महिन्यास हुजुरास रवाना करी. पोतनीस वसूल व शिल्लक यांचा हिशेब ठेवी. पोतदार नाणें पारखी, आणि हे दर कचेरींत दोन असत. सभासद किरकोळ फिर्यादींची नोंद ठेवून त्या मामलतदारास कळवी, व चिटणीस पत्रव्यवहार पाही.

या रचनेंतील मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली ही कीं, लिहिणारा, पसंत करणारा, पैसा मोजणारा व नाणें पारखणारा हे निरनिराळे ठेविले आहेत. एकाला खोटें लिहावयाचें झाल्यास दुसऱ्याला सामील करून घ्यावें लागतें. दुसरी ही कीं, दरखदारांची नेमणूक मामलतदाराच्या हातीं नव्हती. ते हुजुरून येत किंवा वंशपरंपरेनें चालत. मामलतदार त्यांस काम सांगूं शके, पण त्यांस दूर करूं शकत नसे. शिबंदी मात्र तो आपल्या मर्जीची ठेवी. वरच्या अधिकाऱ्याचा हिशेब लिहिणारा कारकून त्याच्या अन्नाचा मिंधा नसावा, हें तत्त्व यांत स्पष्टपणें दिसतें.

(४)

महालाच्या वर हुजूर दप्तर होतें. त्याचे दोन भाग : चालतें दप्तर व एकबेरीज दप्तर. फड, बेहेडा, सरंजाम इत्यादि शाखांतून चालू काम होई; एकबेरीज दप्तरांत सर्व खात्यांचे कागद जमा होऊन त्यांवरून तर्जुमे व खतावण्या तयार होत. नव्या मामलतदारास महालावर पाठवितांना हुजुरून उत्पन्नाचा अजमास देत, मंजूर खर्चाची यादी देत, आणि कांहीं ठराविक नियम पाळण्याची ताकीद देत. वर्षअखेर तो आपले हिशेब घेऊन पुण्यास येई व अजमासाशीं ते ताडून पाहिले जात. अजमासापेक्षां कमी वसूल कां, मंजूर नसलेला खर्च कां, हें विचारण्याचें साधन सरकारापाशीं तयार असे. आज ज्यास आपण अंदाजपत्रक, मंजुरी व लेखापरीक्षा म्हणतों, त्या तिन्ही पायऱ्या येथें आहेत.

परंतु याच व्यवस्थेंत एक छिद्र प्रथमपासून होतें. तें म्हणजे रसद. मामलतदारानें वर्षाच्या आरंभींच उत्पन्नाचा कांहीं भाग सरकारांत आगाऊ भरावयाचा, व सरकारानें त्यावर व्याज द्यावयाचें, असा प्रघात होता. पेशव्यांचें राज्य सदैव कर्जाखालीं असे. फौजेस रोकड तर मृगाच्या आधींच लागे. त्यामुळें रसदेवांचून चालत नसे. आतां मामलतदार ही रक्कम आणी कोठून? बहुधा सावकारापासून. म्हणजे महालांत पाऊल टाकतांना तो सरकारचा नोकर असे तसाच सरकारचा धनकोही असे. ज्याचे पैसे आपण देणें आहों, त्याचा हिशेब कडकपणें तपासणें अवघड जातें. त्यास मध्येंच काढावें तर रसद परत करावी लागे, आणि ती करण्यास खजिन्यांत रोकड नसे. दरखदार कितीही सावध असले, तरी हें ओझें त्यांच्यानें उचलण्यासारखें नव्हतें.

(५)

आतां अंतस्थाकडे वळूं. एल्फिन्स्टननें २५ ऑक्टोबर १८१९ रोजीं कलकत्त्याच्या सरकारास पाठविलेल्या अहवालांत या रोगाचें निदान केलें आहे. तो परका व विजेता होता. तेव्हां त्याचें म्हणणें पारखूनच घ्यावें लागेल. तथापि नाना फडणिसांच्या काळच्या व्यवस्थेची तो उघड प्रशंसा करितो, यावरून केवळ निंदेच्या हेतूनें त्यानें लिहिलें नाहीं हें दिसतें. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा. मामलतदाराच्या चोरट्या प्राप्तीचे मार्ग म्हणजे जमा लपविणें, सूट न देतां ती दिल्याचें लिहिणें, शिबंदीची खोटी हजिरी दाखविणें व नेमणुका न देतां खर्चीं टाकणें. पण मुख्य मार्ग सादिलवारपट्टीचा. महालांतील किरकोळ खर्चाची सरकारी नेमणुकींत तरतूद नसे. तो भागविण्याकरितां रयतेवर ही पट्टी बसे. या खर्चांत सर्वांत मोठें कलम दरबारखर्चाचें, म्हणजेच अंतस्थाचें.

पुढें जें झालें तें फार बोधप्रद आहे. आरंभीं हा पैसा कारभारी व हिशेब तपासणारे यांस चोरून पोंचे. हळूहळू त्याचे दर बांधले गेले; दरवर्षीं ठराविक रक्कम अमक्या दरकदारास द्यावयाची असा शिरस्ता पडला. शिरस्ता पडल्यावर तो लपविण्याचें कारण उरलें नाहीं. तें कलम उघड हिशेबांत आलें व इतर कलमांप्रमाणें तपासलें जाऊं लागलें. पण जें उघड झालें त्यानें तपासणाराचें तोंड बंद होईना. त्यासाठीं पुन्हां नवें गुप्त देणें उत्पन्न झालें. त्याकरितां पट्टी आणखी वाढली. आणि असल्या नाजूक कलमाची कोणी फारशी खोल चौकशी करीत नसल्यामुळें, आश्रयदात्यास जितकें द्यावयाचें त्याहून कितीतरी अधिक मामलतदार स्वतःकरितां गोळा करूं लागला. लांचाचें कलम सरकारी झालें, तरी लांच बंद झाला नाहीं. फक्त रयतेवर एक पट्टी कायमची बसली.

उत्तर कोकणांत या वाढीस आणखी दोन गोष्टींचें साह्य होतें. येथें जमिनीचा आकार सर्वत्र बिघोटीनें नव्हता. हुंडाबंदी, ढेप अशा ठोकळ पद्धति पुष्कळ गांवीं चालत. मोजणीचा आधार नसला म्हणजे 'इतकेंच कां' असें विचारण्यास रयतेपाशीं साधन राहत नाहीं. दुसरें, वसूल बराचसा भातानें येई व त्याची रोकड करण्यास भाव ठरवावा लागे. बाजाराचा भाव एक, सरकारी भाव दुसरा, आणि भात मोजण्याचें माप तिसरें. या तिहींच्या फटींत मुरणारा पैसा कोणत्याही कीर्दींत दिसणें कठीण.

(६)

असें असतांही ही व्यवस्था केवळ कागदीच होती असें म्हणतां येत नाहीं. थोरले माधवराव पेशवे यांच्या कारकीर्दींतील, याच मुलुखालगतची एक हकीकत ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत दिली आहे. वेठीनें रयतेकडून ओझीं वाहविण्याची चाल माधवरावांनीं बंद केली होती. अधिकाऱ्यांस ती सोडवेना. वसईचे सुभेदार विसाजीपंत यांचे कांहीं मौल्यवान जिन्नस वेठीच्या लोकांकडून नेले जात आहेत, ही बातमी पेशव्यांस लागली. त्यांनीं ते जिन्नस जप्त केले. सुभेदारावर जबर दंड बसविला. त्या दंडांतून, शेतीचें काम सोडून ज्यांस ओझ्यास लाविलें होतें त्यांची भरपाई केली. आणि मनाईचे हुकूम पुन्हां नव्यानें सोडले.

डफनें ही गोष्ट घडल्यावर सुमारें अर्ध्या शतकानें लिहिली आहे, व अशा गोष्टींस लोकांच्या आदरानें रंग चढतो. तेव्हां तिच्या तपशिलावर फार भार देऊं नये. परंतु तिच्यांतील तीन गोष्टी विचार करण्याजोग्या आहेत. शिक्षा एखाद्या कारकुनास नव्हे, सुभेदारास झाली. सुभेदार म्हणजे प्रांताचा धनीच. विशेषतः वसईसारख्या, इंग्रजांच्या शेजारच्या नाजूक ठिकाणचा. त्यास दुखविण्यांत राजकीय धोका होता, तो पत्करला गेला. दुसरी, दंडाचा पैसा खजिन्यांत न जातां ज्यांचें नुकसान झालें त्यांस मिळाला. गुन्हेगारी घेऊन सरकारची जमा वाढविणें हा त्या काळचा सर्वसाधारण मार्ग; त्याहून हा निराळा. तिसरी, गुन्हा उघडकीस आला तो हिशेबाच्या तपासणीनें नव्हे, तर बातमीनें. वेठ ही कोणत्याही कीर्दींत लिहिली जात नाहीं. तिचा भार रयतेच्या खांद्यावर पडतो, कागदावर नाहीं. जें कागदावर येत नाहीं तें जाणून घेण्याकरितां माधवरावांनीं बातमीदार ठेविले होते, व डफच्या मतें त्यांच्या बातमीच्या धाकामुळेंच पुढें कोणी हुकूम मोडण्यास धजला नाहीं.

परंतु बातमी ऐकणारा कान एकाच माणसाचा होता. १७७२ च्या नोव्हेंबरांत माधवराव वारले. नाना फडणिसांनीं पुढें दप्तराची शिस्त राखली, किंबहुना ती परिपूर्ण केली. तथापि खुद्द पुण्यांत घाशीराम कोतवालाचा जुलूम वर्षानुवर्षें चालला, आणि १७९१ मध्यें कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेल्यावर लोक खवळून उठले तेव्हांच त्याचा शेवट झाला. हिशेबांत ज्यांची नजर अत्यंत तीक्ष्ण, त्यांच्याच दाराशीं ही स्थिति. कागद नीट ठेवणें व रयतेचें गाऱ्हाणें ऐकणें हीं दोन निराळीं कामें आहेत. एकांतून दुसरें आपोआप निपजत नाहीं.

(७)

१३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. दुसरे बाजीराव यांच्या कारकीर्दींत महाल इजाऱ्यानें देण्याची चाल सर्रास सुरू झाली. पूर्वीं मामलत ही अनुभवी व भरंवशाच्या माणसास द्यावयाची, व वागणूक वाईट दिसल्यास काढून घ्यावयाची वस्तु होती. आतां ती हुजऱ्यांत लिलांवास निघाली. बोली चढविण्यास माघार घेणारावर इतराजी होई. एकानें घेतलेला महाल तो दुसऱ्यास पोटमक्त्यानें देई, दुसरा तिसऱ्यास. आणि पुढच्या वर्षीं कोणी अधिक रक्कम कबूल केली कीं पहिल्यास निघावें लागे. ज्यास पुढच्या हंगामाची शाश्वति नाहीं, तो बियाण्यास व बैलांस मदत कशाला करील? न्याय व फौजदारीही याच इजाऱ्यांत गेल्यामुळें गाऱ्हाणें सांगावयाचें तें ज्याच्याविरुद्ध त्याच्याकडेच, अशी गत झाली.

दरखदारांची संस्था या काळांत मोडली असें नव्हे. ती निरर्थक झाली. इजारदारानें ठराविक रक्कम भरली म्हणजे सरकारचा प्रश्न संपला. मग जमा किती झाली हें कोण विचारणार, आणि अजमासाशीं ताडून तरी काय पाहणार? एल्फिन्स्टनचे सहाय्यक मॅक्लाउड यांस पेशवे दप्तराची जी स्थिति आढळली तीही हेंच सांगते : नानांच्या काळापर्यंत कागद व्यवस्थित; बाजीरावांच्या काळांत दप्तराकडे दुर्लक्ष, कारकून कमी केलेले, व कागद बाहेर जाऊं दिलेले. दप्तर बिघडल्यामुळें इजारा आला नाहीं; इजारा आल्यामुळें दप्तराची गरज सरली.

या कारभाराचा एक प्रमुख पुरुष त्रिंबकजी डेंगळे. १८१५ च्या जुलैंत पंढरपुरास गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, आणि त्या प्रकरणीं त्रिंबकजीस इंग्रजांच्या स्वाधीन करावें लागलें. त्यास कैदेंत ठेविलें तें ठाण्याच्याच किल्ल्यांत. व तेथूनच १२ सप्टेंबर १८१६ रोजीं तो निसटला. हा किल्ला आजही तुरुंग म्हणूनच उपयोगांत आहे. शास्त्री पुण्यास आले होते ते गायकवाड व पेशवे यांच्यामधील देण्याघेण्याच्या हिशेबाकरितां व अहमदाबादच्या इजाऱ्याकरितां, हें सहसा विसरलें जातें. हिशेबाचा वाद हिशेबानें न मिटतां खुनानें मिटविण्याचा प्रयत्न झाला, आणि त्यांतून राज्य जाण्याची वेळ आली.

(८)

खाडीच्या पलीकडे, साष्टींत, इंग्रजांचा कारभार शुद्ध होता काय? तसें मानण्यास आधार नाहीं. कंपनीचे नोकर अल्प पगारावर येत व खासगी व्यापारानें धनवान होत. ही रीति पुण्यास जितकी ठाऊक तितकीच लंडनासही होती. कॉर्नवॉलिसनें बंगाल्यांत पगार वाढवून व वसुली अधिकाऱ्यांचा खासगी व्यापार बंद करून त्यावर उपाय केला, तो अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. पेशव्यांनीं नजर ठेविली पण पुरती नेमणूक दिली नाहीं. कंपनीनें पुढें पगार दिला, पण एतद्देशीय रयतेस वरिष्ठांविरुद्ध दाद मागण्याचें साधन फारसें ठेविलें नाहीं. एल्फिन्स्टननें १८१८ नंतर इजारा बंद केला व नानांच्या काळची पद्धति, पगारी मामलतदारांसह, पुन्हां चालविली, हें त्या पद्धतीस मिळालेलें मोठेंच प्रमाणपत्र होय.

परंतु पगारानेंही रोग गेला नाहीं. १८८८ मध्यें पुण्याचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्यावर, मामलतदारांकडून नेमणुका व बदल्यांकरितां पैसे घेतल्याचे आरोप आले. आयोगानें लांचाचे आरोप सिद्ध मानिले नाहींत. हाताखालच्या लोकांपासून कर्जाऊ रकमा घेतल्याबद्दल मात्र त्यांस नोकरी गमवावी लागली. मामलतीस किंमत पडणें हा बाजीरावी प्रकार, नांव बदलून, सत्तर वर्षांनीं पुन्हां दिसला.

(९)

यावरून निघणारे निष्कर्ष मर्यादित आहेत, ते तसेच मांडतों. पेशवाईची हिशेबव्यवस्था अज्ञानामुळें बिघडली नाहीं. ती जाणत्यांनीं बांधली होती. ती बिघडली तीन कारणांनीं : सरकार स्वतःच आपल्या अधिकाऱ्याचें ऋणको झालें, तपासणाराची प्राप्ति तपासल्या जाणारावर अवलंबून राहिली, आणि रयतेचें गाऱ्हाणें ऐकण्याचें काम संस्थेकडे न जातां एका व्यक्तीकडे राहिलें. आज ठाणें व कल्याण-डोंबिवली या दोन्ही ठिकाणीं महानगरपालिका आहेत. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानें मुख्य लेखापरीक्षकानें आपला अहवाल आयुक्तांस नव्हे, तर स्थायी समितीस द्यावयाचा आहे. आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें कोणाही नागरिकास हिशेबाचा कागद मागतां येतो. पहिल्यांत दरखदाराचें तत्त्व आहे; दुसऱ्यांत माधवरावांच्या बातमीदाराचें काम सर्वांस वांटून दिलें आहे. हीं साधनें चालतात कीं अंतस्थाप्रमाणें शिरस्त्यांत जिरतात, हें त्यांच्या मजकुरावरून ठरणार नाहीं. तीं वापरणारांवरून ठरेल.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वर लिहिलेलें बहुतेक सर्व वरच्या बाजूनें पाहिलेलें आहे : हुजूर दप्तर, एल्फिन्स्टन, डफ, रानडे. रयतेपासून प्रत्यक्ष किती घेतलें गेलें, हें त्यांतून कळत नाहीं. तें कळण्याचा मार्ग एकच : एकाच गांवचे, एकाच सालचे तीन कागद एकत्र पाहणें. एक हुजुरून आलेला अजमास किंवा बेहेडा, दुसरा मामलतदाराचा जमाखर्च, आणि तिसरा कुळकर्ण्याच्या घरचा वसुलाचा कागद. पहिल्या दोहोंत मेळ बसेल. तो बसविण्याकरितांच ते लिहिले जात. तिसऱ्याची बेरीज दुसऱ्याहून जितकी अधिक, तितकें चोरटें घेणें. सावकाराची वही मिळाल्यास रसदेचें व्याजही उलगडेल. कागद पाहतांना सुहूर सन मृगापासून चालतो हें ध्यानांत ठेवावें, भाताचें माप व भाव आधीं निश्चित करावे, आणि हक्काच्या वादाकरितां मागाहून केलेल्या नकला वेगळ्या काढाव्या. माधवरावांकरितां इसन्ने सितैन मया व अलफपासून सलास सबैन मया व अलफपर्यंतचीं, व बाजीरावांकरितां सबा तिसैन मया व अलफपासून पुढचीं सालें विशेष उपयोगाचीं.

हुजूर दप्तर पुण्यास सुरक्षित आहे. महालचे व गांवचे कागद मात्र घरोघर माळ्यावर आहेत. ठाणें, भिवंडी, कल्याण, मुरबाड या बाजूस जुने वाडे पडून त्यांच्या जागीं इमारती उठत आहेत, आणि वाड्याबरोबर रुमालही रद्दींत जातात. ज्यांस मोडी वाचतां येत नाहीं, त्यांस तो केवळ वाळवी लागलेला कागद वाटतो. पुष्कळदां त्यांत रयतेच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार असतो. तो गेला म्हणजे मामलतदाराचा हिशेब कायमचा मंजूर झाला असें समजावें.